मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे (२२ सप्टेंबर १७९१ – २५ ऑगस्ट १८६७) हे इंग्लंडमधील एक थोर भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि विज्ञानशिक्षक होते. विद्युत चुंबकीय प्रवर्तन, विद्युत अपघटनाचे नियम, प्रतिचुंबकत्व आणि बेंझीन या संयुगाचा शोध ही त्यांची प्रमुख संशोधनकार्ये मानली जातात. विद्युत जनित्र, रोहित्र व विद्युत चलित्र या यंत्रांची मूलतत्त्वे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आली. संशोधनाइतकीच त्यांची ख्याती व्याख्याते म्हणूनही होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत त्यांनी मुलांसाठी नाताळच्या सुटीतील व्याख्यानांच्या १९ मालिका सादर केल्या. मेणबत्ती, बर्फाचा तुकडा, खडू, लोखंडाचा कीस अशा साध्या वस्तूंच्या साहाय्याने निसर्गाचे नियम प्रत्यक्ष दाखवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभरातील विज्ञानाच्या वर्गांत रूढ झाली.

बालपण आणि कुटुंब

फॅरेडे यांचा जन्म लंडनजवळील न्यूइंग्टन बट्स येथे एका गरीब कुटुंबात झाला. हा भाग आता दक्षिण लंडनमध्ये मोडतो. त्यांचे वडील जेम्स हे लोहार होते. मायकेल यांच्या जन्माच्या थोडे आधी ते उत्तर इंग्लंडमधून कामाच्या शोधात लंडनला आले होते. आईचे नाव मार्गारेट. चार भावंडांत मायकेल तिसरे. वडिलांची प्रकृती वारंवार बिघडत असे, त्यामुळे कुटुंबाचे उत्पन्न बेताचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये धान्य महागले, तेव्हा लहानग्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळत असे व तोच त्याला आठवडाभर पुरवावा लागे, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे.

हे कुटुंब सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. साधी राहणी, धनसंचयाविषयी उदासीनता आणि परस्परसाहाय्य या पंथाच्या शिकवणुकीचा प्रभाव फॅरेडे यांच्यावर आयुष्यभर राहिला. पुढे ते या पंथाच्या लंडन येथील मंडळीचे वडीलही झाले. शालेय शिक्षण मात्र लिहिणे, वाचणे आणि जुजबी गणित यांपलीकडे गेले नाही. गणिताची ही उणीव त्यांना अखेरपर्यंत जाणवत राहिली.

पुस्तकबांधणीची उमेदवारी

१८०४ साली फॅरेडे ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागले. घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवणे व परत आणणे हे त्यांचे काम होते. पुढील वर्षी रिबो यांनी त्यांना पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचण्याची मोकळीक धन्याने दिली होती आणि फॅरेडे यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकामधील विजेवरील नोंद आणि जेन मार्सेट या लेखिकेचे संवादरूपाने रसायनशास्त्र समजावणारे पुस्तक यांनी त्यांच्या मनात विज्ञानाची ओढ निर्माण केली. वाचलेले खरे आहे की नाही हे पडताळून पाहण्यासाठी तुटपुंज्या मजुरीतून जमेल ते साहित्य आणून ते दुकानातच लहान लहान प्रयोग करत.

१८१० पासून ते जॉन टेटम यांच्या घरी संध्याकाळी होणाऱ्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागले. प्रत्येक व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग होते आणि ते थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारकाम करत असे. टेटम यांच्याभोवती जमलेल्या तरुणांच्या सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी या मंडळात फॅरेडे यांना बरोबरीचे मित्र मिळाले. उपकरणांची चित्रे नीट काढता यावीत म्हणून रिबो यांच्याकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून त्यांनी यथादर्शन चित्रकलेचे धडेही घेतले.

डेव्ही यांची भेट

१८१२ च्या वसंतात एका गिऱ्हाइकाच्या कृपेने फॅरेडे यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे मिळाली. डेव्ही हे त्या काळातील इंग्लंडचे सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. फॅरेडे यांनी व्याख्यानांची टिपणे घरी जाऊन सविस्तर लिहिली, त्यांत आकृत्या घातल्या आणि सुमारे ३०० पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने बांधला. त्याच वर्षी उमेदवारी संपून ते दुसऱ्या धन्याकडे पगारी कारागीर झाले होते, परंतु त्यांचे मन त्या व्यवसायात रमत नव्हते. वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपला हस्तलिखित ग्रंथ डेव्ही यांच्याकडे पाठवला व विज्ञानाच्या सेवेत काही काम मिळावे अशी विनंती केली.

डेव्ही यांनी त्यांना भेटीस बोलावले, मात्र त्या वेळी जागा रिकामी नव्हती. एका स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्यांना इजा झाल्याने फॅरेडे यांनी काही दिवस त्यांचे लेखनिक म्हणून काम केले. पुढे संस्थेच्या प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणाच्या कारणावरून कामावरून कमी करण्यात आले आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरेडे यांना मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग वेतन आणि संस्थेच्या माळ्यावरील दोन खोल्या असे नेमणुकीचे स्वरूप होते.

ऑक्टोबर १८१३ ते एप्रिल १८१५ या काळात फॅरेडे हे डेव्ही दांपत्यासह युरोपच्या प्रवासात होते. डेव्ही यांच्या नोकराने ऐन वेळी येण्यास नकार दिल्यामुळे त्याची कामेही फॅरेडे यांच्याकडे आली. लेडी डेव्ही त्यांना नोकरासारखे वागवत आणि हा अपमान त्यांना फार जाचला. तथापि हा प्रवास हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. पॅरिसमध्ये नव्याने सापडलेल्या आयोडीनवरील प्रयोग त्यांनी पाहिले. फ्लॉरेन्स येथे डेव्ही यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला आणि हिरा हा केवळ कार्बन आहे हे सिद्ध केले. इटलीत फॅरेडे यांनी व्हेसुव्हियस हा जागृत ज्वालामुखी पाहिला, तसेच विद्युत घटाचे जनक व्होल्टा यांचीही भेट झाली.

अध्यापनकलेचा अभ्यास

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या २१ व्या वर्षी, फॅरेडे यांनी बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांतून व्याख्यान कसे असावे याविषयी आपले विचार मांडले. त्या वेळी त्यांनी स्वतः एकही व्याख्यान दिलेले नव्हते. इतरांची व्याख्याने ऐकताना केलेल्या बारीक निरीक्षणांवर ते विचार आधारलेले होते. सभागृहातील हवा खेळती असावी, प्रत्येक श्रोत्याला मेज नीट दिसावे, उपकरणे वक्त्याला झाकून टाकणारी नसावीत, दाखवायचा प्रयोग प्रतिपाद्य मुद्द्याशी थेट जोडलेला असावा, वक्त्याने श्रोत्यांकडे पाहून सावकाश बोलावे आणि व्याख्यान एका तासापेक्षा लांबवू नये, असे त्यांचे मत होते. या पत्रांत विषयाइतकाच विचार ऐकणाऱ्याचा केलेला आढळतो.

१८१६ साली त्यांनी सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत पहिली व्याख्याने दिली. त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय इटलीतील टस्कनी प्रांतात नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या चुन्याचे पृथक्करण हा होता. उच्चार व वक्तृत्व सुधारण्यासाठी त्यांनी १८१८ मध्ये बेंजामिन स्मार्ट यांच्याकडे शिकवणी लावली. पुढे नामवंत वक्ते झाल्यावरही बोलण्याचा वेग वाढला किंवा वेळ संपत आली, की तसे लिहिलेली पाटी मदतनिसाने समोर ठेवावी अशी व्यवस्था त्यांनी केली होती.

प्रयोगशाळेतील कामाची शिस्त शिकवणारा त्यांचा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन करणे, गाळणे, काचनळी वाकवणे, बूच बसवणे यांसारख्या क्रिया हाताने कशा कराव्यात याचे त्यात तपशीलवार विवेचन आहे. १८३० पासून सुमारे २० वर्षे त्यांनी वूलिच येथील लष्करी विद्यालयात छात्रांना रसायनशास्त्र शिकवले.

विवाह आणि डेव्ही यांच्याशी दुरावा

१२ जून १८२१ रोजी फॅरेडे यांचा सेरा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते, परंतु भाच्या व पुतण्यांचा त्यांच्या घरात नेहमी वावर असे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी विद्युत धारा वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत राहते हे पाऱ्याच्या भांड्यातील एका साध्या रचनेने दाखवले. विजेपासून गती निर्माण करणारे हे पहिले उपकरण होय. निबंध घाईने प्रसिद्ध करताना, या विषयावर आधी प्रयत्न केलेल्या वोलस्टन व डेव्ही यांचा उल्लेख त्यात राहून गेला आणि फॅरेडे यांच्यावर दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा आरोप झाला. हा आरोप त्यांच्या मनाला लागला. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये ते सदस्य म्हणून निवडले गेले. ज्यांनी विज्ञानाचे दार उघडून दिले त्यांच्याशी आलेला हा दुरावा पूर्णपणे कधी मिटला नाही. मात्र फॅरेडे डेव्ही यांच्याविषयी नेहमी आदरानेच बोलत राहिले.

संशोधनकार्य

१८२३ मध्ये फॅरेडे यांनी क्लोरीन वायूचे द्रवात रूपांतर केले आणि १८२५ मध्ये तेलापासून बनवलेल्या दिव्याच्या वायूच्या अवशेषातून बेंझीन वेगळे काढले. १८२५ सालीच ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सुमारे सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील विद्युत धारा सुरू किंवा बंद करताच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली चुंबकसूची क्षणभर हलली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तारेच्या वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर केल्यानेही धारा निर्माण होते हे दाखवले व नंतर चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग धारा मिळवली. यालाच विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. धारा निर्माण होण्यासाठी चुंबक असणे पुरेसे नाही, तर चुंबकीय स्थितीत बदल व्हावा लागतो, हे या शोधाचे मर्म आहे.

पृथ्वी हाही एक मोठा चुंबक असल्याने वाहत्या नदीतही धारा निर्माण व्हावी, असा तर्क फॅरेडे यांनी केला. जानेवारी १८३२ मध्ये त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट लांबीची तांब्याची तार पसरली व तिच्या टोकांना जोडलेले धातूचे पत्रे थेम्स नदीत सोडले. सूची हलली, पण ते हलणे अन्य कारणांनी होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि प्रयोग अयशस्वी झाल्याचे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. त्यांचे तत्त्व मात्र बरोबर होते. समुद्रतळावरील केबलमध्ये निर्माण होणाऱ्या विद्युत दाबावरून सागरी प्रवाहांचे मोजमाप पुढे याच तत्त्वावर करण्यात आले.

१८३३-३४ मध्ये त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. विल्यम ह्यूएल व इतर विद्वानांच्या सल्ल्याने या विषयासाठी इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन इत्यादी नवे शब्द त्यांनी रूढ केले. १८३६ मध्ये १२ फूट बाजू असलेला, बाहेरून धातूने मढवलेला घनाकार पिंजरा तयार करून ते स्वतः त्यात बसले. बाहेरून विजेच्या ठिणग्या उडत असतानाही आतील संवेदनशील उपकरणांवर काहीही परिणाम झाला नाही. हा प्रयोग फॅरेडेचा पिंजरा या नावाने प्रसिद्ध आहे.

१८४० च्या सुमारास अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. त्यातून सावरल्यावर १८४५ मध्ये त्यांनी चुंबकीय बलामुळे ध्रुवित प्रकाशाची दिशा वळते हे दाखवले व प्रतिचुंबकत्वाचा शोध लावला. गणिती सूत्रे मांडता येत नसल्याने ते चुंबकाभोवतीच्या अवकाशाचे वर्णन बलरेषांच्या रूपाने करत. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी पुढे याच कल्पनेला गणिती रूप दिले आणि त्यातून विद्युत चुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत उभा राहिला.

नाताळची व्याख्याने

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ च्या सुमारास दोन उपक्रम सुरू झाले. सदस्यांसाठी शुक्रवारी संध्याकाळी होणारी प्रवचने हा पहिला आणि मुलांसाठी नाताळच्या सुटीतील व्याख्याने हा दुसरा. दोन्हींच्या उभारणीत फॅरेडे यांचा मोठा वाटा होता. मुलांसाठी त्यांची पहिली मालिका १८२७ च्या नाताळात झाली व शेवटची १८६०-६१ मध्ये. रसायनशास्त्र, वीज, धातू, ज्वलन, पदार्थांवर कार्य करणारी बले असे त्यांचे विषय असत. २७ डिसेंबर १८५५ रोजी प्रिन्स अल्बर्ट आपल्या दोन मुलांसह व्याख्यानाला उपस्थित होते. त्या प्रसंगाचे अलेक्झांडर ब्लेकली यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे.

या मालिकांपैकी मेणबत्तीचे रसायनशास्त्र सांगणारी सहा व्याख्यानांची मालिका सर्वाधिक गाजली. १८४८-४९ मध्ये सादर केलेला हाच विषय वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी पुन्हा निवडला. आरंभी त्यांनी नाना प्रकारच्या मेणबत्त्या मुलांसमोर ठेवल्या. बुडालेल्या रॉयल जॉर्ज या जहाजातून अनेक वर्षांनी वर काढलेली मेणबत्तीही त्यांत होती. मग जळत्या मेणबत्तीच्या टोकाशी वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते हे त्यांनी विचारात घेतले. ज्योतीच्या उष्णतेने वर जाणारी हवा मेणबत्तीच्या कडा थंड ठेवते, म्हणून मधला भाग वितळतो व कड उभी राहते. वातीतून मेण वर कसे चढते हे दाखवण्यासाठी त्यांनी बशीत मिठाचा खांब उभा करून खाली रंगीत द्रव ओतला. द्रव केशाकर्षणाने खांबात वर चढत गेला.

त्यानंतर ज्योतीच्या मधल्या काळसर भागात त्यांनी वाकवलेली काचनळी धरली. नळीच्या दुसऱ्या टोकातून येणारी वाफ पेटवताच तेथे दुसरी ज्योत तयार झाली. मेण घनरूपात किंवा द्रवरूपात न जळता त्याची वाफ जळते, हे त्यामुळे डोळ्यांना दिसले. ज्योतीवर क्षणभर कागद आडवा धरला असता त्यावर भरीव डाग न पडता करपलेले कडे उमटते. यावरून सर्वाधिक उष्णता ज्योतीच्या बाहेरच्या भागात असते हे मुलांना कळले.

बर्फ आणि मीठ भरून थंड केलेले भांडे ज्योतीवर धरल्यावर त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमले. आगीतून पाणी निघते हे पाहून श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक होते. त्या पाण्याचा धागा पकडून फॅरेडे बर्फाकडे वळले. ओतीव लोखंडाच्या जाड बाटलीत पाणी गच्च भरून ती बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवली, तेव्हा पाणी गोठताना प्रसरण पावले आणि बाटली फुटली. खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी थंडीत खडक फोडते ते याच बलाने. पुढे त्यांनी विद्युत धारेने पाण्याचे दोन वायूंत विघटन करून दाखवले.

संगमरवर, खडू व शिंपले यांच्यावर आम्ल ओतून कार्बन डायऑक्साइड मिळवणे हा त्यांच्या मालिकेतील आणखी एक महत्त्वाचा प्रयोग होता. मेणबत्तीतून निघणारा वायू खडकांत मोठ्या प्रमाणात साठलेला आहे, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. हा वायू भरलेल्या भांड्यात सोडलेला साबणाचा फुगा अधांतरी तरंगला, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. अखेरीस चुन्याच्या निवळीत उच्छ्वास सोडून ती दुधाळ होते हे दाखवून त्यांनी मेणबत्तीचे जळणे व माणसाचे श्वसन या दोन क्रियांतील साम्य उलगडले. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रातील शाळांतही विद्यार्थी करतात.

इतर मालिकांतील प्रयोगही असेच लक्षवेधी होते. मोठ्या विद्युत चुंबकाकडे कोळशाची लोखंडी बादली, चिमटा आणि सळई फेकून ती कशी चिकटून राहतात हे ते दाखवत. वितळू लागलेल्या बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले असता ते जुळून एक होतात, हे त्यांनी १८५० मध्ये शुक्रवारच्या प्रवचनात मांडले. हिमनदी कशी सरकते या प्रश्नाच्या चर्चेत हे निरीक्षण पुढे महत्त्वाचे ठरले. मेण लावलेल्या कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरून त्यांनी बलरेषांची टिकाऊ चित्रे तयार केली होती.

या व्याख्यानांतील प्रयोगांच्या यशामागे चार्ल्स अँडरसन या मदतनिसाचे मोठे साहाय्य होते. पूर्वी तोफखान्यात शिपाई असलेले अँडरसन सुमारे चार दशके फॅरेडे यांच्यासोबत होते. एकदा भट्टी तापती ठेवण्यास सांगून फॅरेडे त्यांना घरी जाण्यास सांगायला विसरले, तेव्हा सकाळपर्यंत ते भट्टीपाशीच राहिले, असे सांगतात.

सभागृहात येणारी मुले बहुतांशी सुखवस्तू घरांतील असत. ही व्याख्याने सामान्य घरांत पोहोचली ती मुख्यत्वे छापील रूपाने. विल्यम क्रुक्स यांनी शेवटच्या दोन मालिका लघुलेखकाकडून टिपून घेऊन संपादित व प्रसिद्ध केल्या. मेणबत्तीवरील पुस्तक १८६१ मध्ये निघाले. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली असून ते आजही वाचले जाते.

सार्वजनिक कार्य आणि शिक्षणविषयक भूमिका

१८३६ पासून जवळजवळ तीस वर्षे फॅरेडे दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे वैज्ञानिक सल्लागार होते. १८४४ मध्ये हॅसवेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ कामगार व मुले मृत्युमुखी पडली. सरकारने चौकशीसाठी फॅरेडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांना पाठवले. स्फोटाची तीव्रता वाढण्यास केवळ ज्वालाग्राही वायूच नव्हे तर कोळशाची धूळही कारणीभूत होते, असे त्यांनी दाखवले. या निष्कर्षाकडे पुढे कित्येक वर्षे दुर्लक्ष झाले.

जुलै १८५५ मध्ये आगबोटीतून जाताना थेम्स नदीचे गढूळ व दुर्गंधीयुक्त पाणी पाहून त्यांनी एक साधी चाचणी केली. पांढऱ्या पत्त्यांचे तुकडे ओले करून त्यांनी ठिकठिकाणी पाण्यात टाकले. भर उन्हातही ते तुकडे पृष्ठभागाखाली इंचभर जाण्याआधीच दिसेनासे झाले. हे निरीक्षण त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर करून नदीच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले आणि त्यानंतर शहराच्या नव्या सांडपाणी योजनेला चालना मिळाली.

१८५३ मध्ये आत्म्याच्या शक्तीने मेज फिरवण्याचे खूळ लंडनमध्ये पसरले होते. मेजावर हात ठेवणाऱ्यांच्या नकळत त्यांचेच स्नायू मेज ढकलतात, हे फॅरेडे यांनी एका सुटसुटीत उपकरणाने सिद्ध केले. तरीही सुशिक्षित लोकांचा विश्वास ढळत नाही हे पाहून ते व्यथित झाले. हा दोष शिक्षणपद्धतीचा आहे, असे त्यांचे मत बनले. पुढील वर्षी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच्या समजुती तपासण्याची व निर्णय राखून ठेवण्याची सवय हाच शिक्षणाचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले.

नोव्हेंबर १८६२ मध्ये इंग्लंडमधील नामांकित शाळांची पाहणी करणाऱ्या आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या शाळांत लॅटिन व ग्रीक भाषांना सर्वोच्च स्थान होते व विज्ञानाला जवळजवळ स्थानच नव्हते. गेल्या पन्नास वर्षांत निसर्गाविषयी मिळालेले ज्ञान शाळांनी बाहेर ठेवावे याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. सोप्या शब्दांत समजावले तर प्रयोगातील मुद्दा मुलांना कळतो व आवडतो, हा त्यांचा अनेक दशकांचा अनुभव होता. स्वतः शाळेचे शिक्षण न लाभलेल्या माणसाने उच्चभ्रू शाळांच्या अभ्यासक्रमावर केलेली ही टीका इंग्लंडमधील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

अखेरची वर्षे

फॅरेडे यांनी सरदारकी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. व्यावसायिक सल्लागार म्हणून त्यांना विपुल पैसा मिळवता आला असता, परंतु संशोधनासाठी त्यांनी ती कामे बहुतांशी सोडून दिली होती. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्पटन कोर्ट येथे राहण्यासाठी घर दिले.

वाढत्या विस्मरणामुळे १८६१ मध्ये त्यांनी मुलांची व्याख्याने थांबवली. जून १८६२ मध्ये त्यांचे शेवटचे शुक्रवारचे प्रवचन झाले. त्यानंतरच्या काळात त्यांनी एकेक जबाबदारी उतरवून ठेवली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्पटन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांच्या इच्छेनुसार साधेपणाने अंत्यविधी करण्यात आला.

वारसा

विद्युत धारकतेच्या एककाला त्यांच्या सन्मानार्थ फॅरड हे नाव देण्यात आले आहे. १९९१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या २० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते आणि त्यासोबत त्यांच्या नाताळच्या व्याख्यानाचे दृश्य छापलेले होते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या अभ्यासिकेत न्यूटन व मॅक्सवेल यांच्यासोबत फॅरेडे यांचेही चित्र असे.

शुक्रवारच्या प्रवचनांची परंपरा पुढेही चालू राहिली. जानेवारी १८९७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी त्याच सभागृहात विद्युत लहरींवर प्रवचन दिले. मुलांची व्याख्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही वर्षे वगळता अखंड सुरू असून १९६६ पासून ती दूरचित्रवाणीवरून दरवर्षी प्रसारित होतात. फॅरेडे ज्या अर्धवर्तुळाकार सभागृहात मेणबत्ती पेटवून उभे राहत, त्याच सभागृहात आजही नाताळच्या सुटीत मुले प्रयोग पाहण्यासाठी जमतात.